सागरतीरीची शिल्पकर्ती

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा खडकाळ प्रांत आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी उभ्या केलेल्या प्रचंड शिळा तेथील माळरानावर आजही ऊनपाऊस सोशीत उभ्या आहेत. एका वर्तुळाकार शिळेच्या मध्यभागी तर एवढे मोठे छिद्र आहे, की त्यातून माणूस रांगत पलीकडे जाऊ शकतो. आजारी मुलास त्या छिद्रातून पलीकडे नेले म्हणजे ते बरे होते, अशी तेथील लोकांची जुनी श्रद्धा होती. माळ संपला, की समुद्र लागतो. याच भूमीत, सेंट आइव्हज या कोळ्यांच्या गावी, बार्बारा हेपवर्थ या थोर शिल्पकर्तीने आपल्या आयुष्याची जवळजवळ ३६ वर्षे व्यतीत केली.

बार्बाराचा जन्म १० जानेवारी १९०३ रोजी यॉर्कशायरमधील वेकफिल्ड येथे झाला. तिचे वडील रस्ते व पूल यांची देखरेख करणारे अभियंता होते. कामानिमित्त प्रांतभर हिंडताना ते लहानग्या बार्बाराला मोटारीत बरोबर घेत. टेकड्यांचे चढउतार आणि रस्त्यांची वळणे ती नुसती डोळ्यांनी पाहत नसे. आपण ती तळहाताने चाचपीत आहोत, असेच तिला वाटे. सुटीत सारे कुटुंब समुद्रकाठच्या एका गावी राहावयास जाई. तेथे भल्या पहाटे उठून ती चित्रे काढीत बसे.

लीड्स व लंडन येथील कलाशाळांतील शिक्षण संपवून १९२४ साली ती इटलीस गेली. त्या काळी बहुतेक शिल्पकार मातीचा नमुना करीत आणि त्यावरून दगड घडविण्याचे कष्टाचे काम पाथरवटांवर सोपवीत. बार्बाराला हे रुचले नाही. रोम येथील एका कसबी कारागिराकडे राबून ती संगमरवर घडविण्यास शिकली. निरनिराळ्या हातांखाली संगमरवराचा रंगही निराळा होतो, हे त्या कारागिराने तिला सांगितले आणि ते तिच्या मनावर कायमचे कोरले गेले. तेव्हापासून छिन्नी आणि हातोडा हेच तिचे सोबती झाले.

पुढे १९३२ च्या सुमारास हेपवर्थबाईंनी एक धाडस केले. दगडाच्या एका गोलसर शिल्पाला त्यांनी आरपार छिद्र पाडले. आजवर शिल्प म्हणजे भरीव वस्तू. आता त्यातून पलीकडचा प्रकाश दिसू लागला. ते मूळ शिल्प पुढे महायुद्धात नष्ट झाले, पण ती कल्पना मात्र जगभर पसरली. आणि नवल असे, की कॉर्नवॉलच्या माळावरील छिद्राची शिळा ज्या भूमीत आहे, तेथे वस्तीला जाण्यापूर्वीच हे घडले होते!

१९३९ च्या ऑगस्टमध्ये, युद्धाला तोंड लागण्यापूर्वी अवघे काही दिवस, पती बेन निकल्सन या चित्रकारासह आणि जेमतेम पाच वर्षांच्या तिळ्या मुलांसह त्या कॉर्नवॉलला आल्या. घर लहान, पैसा थोडा. दिवसा लहान मुलांची शाळा चालवावयाची, भाजीपाला पिकवावयाचा आणि रात्री मुले निजल्यावर चित्रे काढावयाची, असा त्यांचा क्रम होता. दगड घडविण्यास ना जागा होती, ना वेळ. पण समुद्र समोर होता. लाटेचे वळणे, खडकातील पोकळीत पाणी शिरणे, डोंगराच्या कुशीत उपसागराचे सामावणे, हे सारे त्या मनात साठवीत होत्या.

१९४९ साली त्यांनी गावातील ट्रेविन नावाची कार्यशाळा विकत घेतली. तेथील अंगणात, उघड्या आकाशाखाली त्या काम करीत. बंद दालनातील दिव्यापेक्षा ऊन, पाऊस आणि वारा यांतच दगड जिवंत वाटतो, अशी त्यांची श्रद्धा होती. माळावरची उभी शिळा त्यांना धरतीवर ताठ उभ्या असलेल्या माणसासारखी वाटे. आयर्लंडच्या निळसर चुनखडकातून त्यांनी घडविलेल्या दोन उंच आकृती १९५१ साली लंडनच्या महोत्सवात मांडल्या गेल्या. नंतर त्या हार्लो या नव्या शहरात, सामान्य माणसांच्या घरांमध्ये उभ्या राहिल्या.

१९५३ च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर वज्राघात झाला. विमानदलात असलेला त्यांचा थोरला मुलगा पॉल थायलंडमध्ये विमान कोसळून मरण पावला. त्या आईने शोक करीत बसण्याऐवजी पांढरा दगड निवडला आणि त्यातून माता व बालक यांची मूर्ती घडविली. त्या दगडाचे इटालियन नावच मुळी समुद्राची शुभ्रता असे आहे. १९५४ पासून ही मूर्ती सेंट आइव्हजच्या चर्चमध्ये आहे. दशकभराने आणखी एका विमान अपघाताची स्मृती त्यांच्या हातून साकार झाली. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड हे त्यांचे स्नेही १९६१ साली आफ्रिकेत अपघातात वारले होते. त्यांच्या स्मरणार्थ बाईंनी केलेले २१ फूट उंचीचे ब्राँझचे शिल्प १९६४ साली न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीपुढे उभे राहिले. त्याच्याही वरच्या भागात आरपार छिद्र आहे.

उतारवयात कर्करोगाने गाठले, मांडीचे हाड मोडले. तरी काम थांबले नाही. २० मे १९७५ रोजी कार्यशाळेस लागलेल्या आगीत त्यांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे पुढच्याच वर्षी ती कार्यशाळा व बाग लोकांना खुली झाली. बागेत झाडाझुडपांमधून त्यांची शिल्पे उभी आहेत. अंगणालगतच्या कामाच्या खोल्यांत त्यांची हत्यारे ठेवलेली आहेत आणि शेजारी काही अर्धवट घडविलेले दगड तसेच आहेत.