अहिल्याबाईंची दूरदृष्टी

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्याला गोदावरीचा काठ लाभला आहे. याच तालुक्यातील राक्षसभुवन येथे इ. स. १७६३ मध्ये पेशव्यांचे व निजामाचे सैन्य एकमेकांना भिडले. तो काळच लढायांचा होता. अशा धामधुमीत जुनी मंदिरे, घाट व धर्मशाळा यांची काळजी कोण वाहणार? त्याच काळातील एका स्त्रीने हा भार उचलला. गेवराईच्याच जिल्ह्यातील परळी वैजनाथ मंदिराचा तिने जीर्णोद्धार केला. ती थोर स्त्री म्हणजे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर.

बीड जिल्ह्याच्या सीमेलगत, जामखेड तालुक्यातील चौंडी या लहानशा गावी इ. स. १७२५ मध्ये अहिल्याबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. बालवयातच मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. इ. स. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव धारातीर्थी पडले. मल्हाररावांनी दुःखी सुनेला धीर दिला आणि हिशेब, वसुली, तोफखाना अशी राज्यकारभारातील कामे तिच्यावर सोपवली. इ. स. १७६६ मध्ये मल्हारराव वारले व पुढल्याच वर्षी अहिल्याबाईंचा एकुलता एक पुत्र मालेराव हाही गेला. घर शून्य झाले. पण प्रजेसाठी त्यांनी दुःख गिळले व कारभार हाती घेतला. सैन्याची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे देऊन त्या नर्मदातीरी महेश्वर येथून राज्य पाहू लागल्या.

होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. राज्याच्या उत्पन्नास दौलत म्हणत. त्यातून सैन्याचा व कारभाराचा खर्च चाले. दुसरा भाग खासगीचा. पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना काही गावे स्वतंत्र दिली होती. त्यांच्यामागे ते उत्पन्न अहिल्याबाईंकडे आले. ते धन त्यांना स्वतःच्या सुखासाठी वापरता आले असते. परंतु त्यांची राहणी साधी होती. खासगीचे धन त्यांनी धर्मकार्याकडे वळवले. दौलतीवर त्याचा बोजा पडू दिला नाही.

काशी येथील विश्वनाथाचे मंदिर त्यांनी नव्याने उभारले. सोमनाथ येथे इ. स. १७८३ मध्ये मंदिर बांधले, तर गया येथील विष्णुपद मंदिर इ. स. १७८७ मध्ये पूर्ण झाले. वेरूळच्या घृष्णेश्वराचाही त्यांनी जीर्णोद्धार केला. यांतील काशी, गया व सोमनाथ ही क्षेत्रे होळकरांच्या राज्याबाहेर होती.

मंदिर एकदा बांधता येते. पण ते राखावे लागते रोज. दिव्याला तेल हवे, पुजाऱ्याला वेतन हवे, अन्नछत्राला धान्य हवे, पावसाने खचलेल्या भिंतीला चुना हवा. एका वेळच्या देणगीने हे सारे भागत नाही. अहिल्याबाईंनी हे ओळखले होते. म्हणून बांधकामाबरोबरच त्यांनी ठिकठिकाणच्या पूजाअर्चेसाठी व अन्नछत्रांसाठी नियमित उत्पन्नाची तजवीज केली. दाता डोळ्यांआड झाला तरी दिवा विझू नये, हा त्यामागील हेतू होता.

कारागिरांविषयीही त्यांची हीच दृष्टी होती. त्यांनी बाहेरून कुशल विणकर आणून महेश्वरास वसवले. केवळ अन्नदान करून त्या थांबल्या नाहीत, तर त्यांच्या हातांना काम दिले. महेश्वरी साडीची कीर्ती अशी वाढली.

दि. १३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई निवर्तल्या. पुढे होळकरांच्या राज्यावर अनेक संकटे आली, राजधानी महेश्वराहून हलली, अखेर राज्यही स्वतंत्र भारतात विलीन झाले. तथापि त्यांच्या धर्मकार्याची व्यवस्था पाहण्यासाठी इ. स. १९६२ मध्ये खासगीच्याच नावाने एक न्यास स्थापन झाला. महेश्वरचे हातमाग मधल्या काळात मंदावले होते. तेही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा जोमाने चालू लागले.

पुष्कळ राजांनी वास्तू उभारल्या. अहिल्याबाईंनी त्या वास्तूंच्या उद्याचीही चिंता वाहिली. म्हणूनच परळीपासून काशीपर्यंत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.