तहाच्या दाराशी लोकमान्य

११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिले महायुद्ध थांबले आणि लंडन शहरात आनंदाला उधाण आले. त्याच शहरात त्या वेळी बासष्ट वर्षांचे लोकमान्य टिळक राहत होते. मंडालेचा सहा वर्षांचा कारावास भोगून ते १९१४ साली सुटले होते आणि चिरोल नावाच्या इंग्रज लेखकाविरुद्ध अब्रुनुकसानीचा खटला चालविण्यासाठी नुकतेच विलायतेस आले होते.

युद्धाचा निकाल रणांगणावर लागतो. परंतु कोणाला काय मिळावे, हे तहाच्या बैठकीत ठरते. अशी बैठक जानेवारी १९१९ मध्ये पॅरिस येथे भरली. आपला कारभार कसा चालावा हे ज्या त्या लोकांनीच ठरवावे, असे अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन युद्धकाळात सांगत आले होते. मग हा न्याय हिंदुस्थानास का लागू नसावा? या युद्धासाठी हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली होती. मेसोपोटेमियाच्या वाळवंटात मराठा पलटणी लढल्या होत्या. साठ हजारांहून अधिक जवान परत आलेच नाहीत.

डिसेंबर १९१८ मध्ये दिल्लीच्या काँग्रेसने या परिषदेसाठी टिळक, गांधीजी व हसन इमाम यांस आपले प्रतिनिधी निवडले. परंतु पॅरिसला जाण्याचा परवाना टिळकांस सरकारने दिला नाही. दार बंद झाले, तेव्हा टिळकांनी लेखणी उचलली. परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांस आणि विल्सन यांस पत्रे पाठवून त्यांनी हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाची मागणी मांडली. विल्सन यांच्या चिटणिसाकडून उत्तर आले, तेही एवढेच की योग्य वेळी या प्रश्नाचा विचार होईल.

जेत्यांच्या पंक्तीत हिंदुस्थानचे पान मांडलेले होते, हे खरे. पण त्यावर कोणी बसावे, हे इंग्रज सरकारने ठरविले होते. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात तहावर सह्या झाल्या. जर्मनीच्या सर्व वसाहती गेल्या आणि तिच्यावर जबर खंडणी बसली. हिंदुस्थानच्या वतीने भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी सही केली. राष्ट्रसंघाच्या सभासदांतही हिंदुस्थानचे नाव आले. स्वतःचे राज्य नसलेला देश राष्ट्रांच्या संघात बसला!

टिळक चिरोलवरील खटला फेब्रुवारीतच हरले होते. खर्चाचा मोठा बोजा डोक्यावर असतानाही ते विलायतेत राहिले, सभांतून बोलले आणि पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. नोव्हेंबर १९१९ मध्ये ते मायदेशी परतले. त्यानंतर अवघ्या आठ महिन्यांनी, १ ऑगस्ट १९२० रोजी, मुंबईच्या सरदारगृहात त्यांनी देह ठेवला.