शाईच्या पट्ट्याने किरण ओळखणारे डॉक्टर : नील्स फिन्सेन



ऊन आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. पण उन्हात डोळ्यांना न दिसणारे काही किरण असतात. त्यांना अतिनील किरण म्हणतात. हे किरण कातडीचं काय करतात, हे स्वतःच्या हातावर करून पाहणाऱ्या एका थोर डॉक्टरांची माहिती मी आज सांगणार आहे. त्यांचे नाव नील्स फिन्सेन.

नील्सचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी फेरो बेटांवरील टोर्सहाव्हन या गावी झाला. ही बेटे युरोपच्या उत्तरेकडील समुद्रात आहेत व डेन्मार्कच्या राज्यात मोडतात. तेथे हिवाळ्यात दिवस जेमतेम पाच तासांचा असतो. म्हणजे बघा, आपल्याला नकोसं होणारं ऊन तिथे किती मोलाचं असेल! नील्सचे वडील सरकारी अधिकारी होते. नील्स चार वर्षांचा असताना त्याची आई वारली. शाळेत तो हुशार मुलांत गणला जात नव्हता. डेन्मार्कमधल्या शाळेत त्याच्याविषयी चांगला शेरा मिळाला नाही. मग वडिलांनी त्याला आइसलँड देशातील रेक्याविक येथे शिकायला पाठवलं. तेथे शेवटच्या परीक्षेत पंधरा मुलांत त्याचा नंबर अकरावा आला. तरी त्याने शिक्षण सोडलं नाही.

१८८२ साली नील्स डॉक्टरकी शिकायला कोपनहेगन शहरात गेले. पण पुढच्याच वर्षापासून त्यांना आजाराने गाठलं. हृदय आणि यकृत बिघडलं, पोटात पाणी होऊ लागलं. हा आजार जन्मभर सुटला नाही. त्यांची खोली उत्तरेकडे तोंड केलेली होती, तिथे ऊन येत नसे. उन्हात बसलं की आपल्याला जरा बरं वाटतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांच्या मनात प्रश्न आला, उन्हात असं आहे तरी काय?

१८९० साली ते डॉक्टर झाले आणि याच प्रश्नाच्या मागे लागले. त्यांनी केलेला एक प्रयोग अगदी साधा आहे बरं का. त्यांनी आपल्या हातावर काळ्या शाईचा एक रुंद पट्टा ओढला आणि तो हात सुमारे तीन तास कडक उन्हात धरला. नंतर शाई धुऊन टाकली. काही तासांनी काय झालं? शाईखालची कातडी पांढरीच राहिली आणि दोन्ही बाजूंची कातडी लाल होऊन दुखू लागली. काही दिवसांनी लाली गेली व ती कातडी सावळी झाली. मग त्यांनी तोच हात शाई न लावता पुन्हा उन्हात धरला. या वेळी उलटंच घडलं! पांढरा पट्टा भाजून लाल झाला आणि सावळ्या झालेल्या कातडीला फारसं काही झालं नाही.

यावरून कळलं, की कातडीचा रंग हा शरीराने स्वतःच धरलेली छत्री आहे. हे वाचून मला फार बरं वाटलं. माझा रंग सावळा आहे, त्यावरून मुलं चिडवतात. आता मी त्यांना या छत्रीची गोष्ट सांगतो.

कातडी भाजते ती नुसत्या उन्हाच्या उष्णतेने नव्हे, तर अतिनील किरणांनी, हे फिन्सेन यांनी पक्कं केलं. मग या किरणांचा माणसाला उपयोग करून घ्यावा असं त्यांनी ठरवलं. त्या काळी कातडीचा क्षय हा भयंकर रोग होता. त्यात रोग्याचं नाक व गाल झडून जात आणि लोक अशा माणसाला जवळ करत नसत. फिन्सेन यांनी विजेचा प्रखर दिवा घेतला. साधी काच बरेचसे अतिनील किरण अडवते, म्हणून स्फटिकाची भिंगे वापरली. रोगी भाजू नये म्हणून मध्ये थंड पाणी खेळवलं. १८९५ साली पहिल्या रोग्यावर उपचार झाले. १८९६ साली कोपनहेगनला प्रकाशोपचाराची संस्था निघाली आणि शेकडो लोकांना आपला चेहरा चारचौघांत दाखवता येऊ लागला.

१९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. ते तेव्हा इतके आजारी होते, की चाकाच्या खुर्चीवरून उठता येत नव्हतं. पारितोषिक घ्यायलाही जाता आलं नाही. त्या पैशांतला मोठा भाग त्यांनी रोग्यांसाठी देऊन टाकला. २४ सप्टेंबर १९०४ रोजी, अवघ्या त्रेचाळीसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पण गोष्ट इथे संपत नाही. जे किरण रोग बरा करतात तेच रोग देऊही शकतात, हे नंतर सिद्ध झालं. १९२८ साली इंग्लंडमध्ये फिंडले नावाच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर कित्येक महिने अतिनील किरण सोडले, तेव्हा त्यांच्या कातडीवर कर्करोगाच्या गाठी आल्या. असं का होतं? आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं आहे. प्रत्येक पेशीने काय काम करायचं, हे डीएनए नावाच्या लांब धाग्यात जणू लिहिलेलं असतं. अतिनील किरण पडले की त्यातली शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. पेशी ती चूक बहुधा दुरुस्त करते. पण वर्षानुवर्षे फार ऊन लागलं, की काही चुका तशाच राहतात. मग एखादी पेशी ताळतंत्र सोडून वाढतच सुटते. तोच कर्करोग.

१९६८ साली अमेरिकेत जेम्स क्लीव्हर यांनी एका आजाराच्या कारणाचा शोध लावला. या आजाराच्या मुलांची कातडी थोड्या उन्हानेही बिघडते आणि लहानपणीच कर्करोग होतो. त्यांच्या पेशींना ही दुरुस्तीच नीट जमत नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे आपल्या अंगात रोज किती मोठं काम चालतं, ते या मुलांमुळे जगाला समजलं.

सावळ्या माणसांना कातडीचा कर्करोग कमी होतो, पण आपली छत्री पूर्ण नाही. आणि ज्यांच्या अंगात जन्मतःच रंग नसतो, केसही पांढरे असतात, त्यांना तर ती छत्रीच नसते. अशा मुलांना चिडवू नये. त्यांना टोपी, लांब बाह्यांचा सदरा आणि सावलीतली जागा द्यावी. पालकहो, कातडीवरची जखम बरेच दिवस भरत नसेल, किंवा एखादा तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवावे.

मित्रांनो, एक सोपी खूण लक्षात ठेवा. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली, की अतिनील किरण जोरात असतात. तेव्हा डोक्यावर टोपी, पंचा नाहीतर पदर घ्यावा. ऊन आपला शत्रू नाही, थोडं ऊन अंगाला हवंच. फिन्सेन यांच्याजवळ निरोगी शरीर नव्हतं, वरचा नंबर नव्हता. होता तो एक प्रश्न, थोडी शाई आणि स्वतःचा हात. आपणही असेच प्रश्न विचारू या.

– इयत्ता सातवी