वाफेचे मोल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दक्षिणेला लुइझियाना नावाचे राज्य आहे. मिसिसिपी ही महानदी याच राज्यातून वाहत जाऊन समुद्राला मिळते. तिच्या दोन्ही तीरांवरील गाळाची जमीन अतिशय सुपीक. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे उसाचे विस्तीर्ण मळे पसरले होते. मात्र या मळ्यांत राबणारी माणसे स्वतंत्र नव्हती. आफ्रिकेतून धरून आणलेल्या कृष्णवर्णीय लोकांची व त्यांच्या मुलाबाळांची तेथे गुराढोरांप्रमाणे खरेदी-विक्री होत असे आणि जन्मभर त्यांच्याकडून मोलाशिवाय काम करवून घेतले जाई.

त्या प्रांतात हिवाळ्यात हिम पडते, आणि हिमाने उभा ऊस नासतो. त्यामुळे ऑक्टोबर उजाडला की ऊसतोडणीची एकच धांदल उडे. घाणे रात्रंदिवस चालत. आपल्याकडील गुऱ्हाळात चुलवणावर काहील असते. तिकडे एकाच लांबट चुलवणावर चार-पाच काहिली ओळीने मांडलेल्या असत. धुराड्याकडची काहील सर्वांत मोठी आणि जाळाजवळची सर्वांत लहान. रस प्रथम मोठ्या काहिलीत ओतायचा, तो थोडा आटला की लांब दांड्याच्या पळ्यांनी उपसून पुढच्या काहिलीत टाकायचा, आणि असे करीत करीत अखेर जाळावरच्या लहान काहिलीत त्याचा दाट पाक करायचा, अशी ती रीत होती. हे उपसण्याचे काम गुलामांकडे असे. उकळता रस अंगावर उडून भाजणे ही त्यांच्या रोजच्या जीवनातील गोष्ट होती. उपसताना पुष्कळ रस सांडे, आणि शेवटच्या काहिलीत अतिशय तापल्यामुळे पाक करपून साखर काळपट होई.

याखेरीज जळणाचा प्रश्न होताच. चुलवणात जाळण्यासाठी लाकडांचे ढीगच्या ढीग लागत, आणि मळ्यांभोवतीची राने हळूहळू उजाड होऊ लागली होती. उसाची चिपाडे जाळावीत, तर ती ओली. घाण्यातून निघालेल्या चिपाडांत निम्मेअधिक पाणीच असते. वेस्ट इंडीज बेटांत ती उन्हात वाळवून जाळीत. परंतु लुइझियानाच्या दमट, थंड हवेत ती वाळणार कशी? तेव्हा बहुतेक मळेवाले चिपाडे टाकून देत किंवा केवळ ती नाहीशी व्हावीत म्हणून कशीतरी जाळून टाकीत आणि रस आटविण्यासाठी लाकूड फोडीत.

याच प्रांतातील न्यू ऑर्लिन्स शहरी १७ मार्च १८०६ रोजी नॉर्बर्ट रिल्यूचा जन्म झाला. त्याचा पिता व्हिन्सेंट रिल्यू हा फ्रेंच वंशाचा, सधन आणि यंत्रविद्येची आवड असलेला गृहस्थ होता. कापसाचे गठ्ठे बांधण्याचे वाफेवर चालणारे यंत्र त्याने तयार केले होते. माता कॉन्स्टन्स व्हिव्हाँ ही मिश्रवंशीय होती. तिच्या पूर्वजांत आफ्रिकी लोक होते. ती स्वतंत्र होती, गुलाम नव्हती, म्हणून तिचा मुलगाही स्वतंत्र ठरला. तथापि गोऱ्या पुरुषाला अशा स्त्रीशी विवाह करण्यास तेथील कायद्याची मनाई होती. गोऱ्यांच्या शाळांची दारेही तिच्या मुलांना बंद होती. गुलामांच्या देशात स्वतंत्र असलेला, परंतु गोऱ्यांच्या पंक्तीला बसू न शकणारा असा हा मुलगा.

नॉर्बर्टची कुशाग्र बुद्धी पित्याच्या ध्यानी आली आणि त्याने मुलाला शिक्षणासाठी पॅरिसला धाडले. तेथे कातडीच्या रंगावरून कोणी त्याची अडवणूक केली नाही. यंत्रशास्त्रात त्याने इतके प्रावीण्य मिळविले की, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी पॅरिसच्या एकोल सेंट्राल या नव्यानेच स्थापन झालेल्या विद्यालयात तो अध्यापन करू लागला. वाफेच्या यंत्रांविषयी त्याने निबंधही प्रसिद्ध केले. एका विचाराने मात्र त्याच्या मनात कायमचे घर केले होते. काहिलीतून सतत वर जाणारी ती वाफ वाया का जावी?

हा विचार नीट समजून घेण्यासारखा आहे. एक किलो पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता लागते. पण तेच उकळते पाणी वाफ होऊन उडून जाण्यास आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी द्याव्या लागतात. ही उष्णता नाहीशी होत नाही; ती वाफेच्या पोटी सुप्त राहते, आणि वाफेचे पुन्हा पाणी झाले की बाहेर पडते. उसाच्या शंभर किलो रसाचा दाट पाक करावयाचा, तर त्यातील सुमारे ७५ किलो पाणी उडवून द्यावे लागते. म्हणजे मळेवाले लाकडे जाळून उष्णता निर्माण करीत आणि तिचा फार मोठा भाग वाफेबरोबर आकाशात सोडून देत.

मग एका काहिलीची वाफ दुसऱ्या काहिलीखाली सोडली म्हणजे झाले, असे वाटेल; पण गोष्ट इतकी सोपी नाही. उष्णता नेहमी अधिक तापलेल्या पदार्थाकडून कमी तापलेल्या पदार्थाकडे जाते. पहिल्या काहिलीतील वाफ शंभर अंशांची आणि दुसरीतील रसही शंभर अंशांना उकळणारा. तेव्हा तो त्या वाफेने उकळणार कसा? याचे उत्तर हवेच्या दाबात होते. उंच पर्वतावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून तेथे पाणी कमी उष्णतेवर उकळते. एव्हरेस्टच्या माथ्यावर ते ७० अंशांच्या आसपासच उकळू लागेल. झाकलेल्या भांड्यातील हवा पंपाने काढून घेतली तर हाच परिणाम खोलीत बसून साधता येतो. १८१३ साली इंग्लंडात एडवर्ड हॉवर्ड याने असे निर्वात भांडे साखरेसाठी बनविलेही होते. त्यात पाक करपत नसे. परंतु त्यातून निघणारी वाफ मात्र हॉवर्डच्या हातून निसटून जात होती.

रिल्यूने अशी बंद भांडी एकापुढे एक जोडण्याची कल्पना काढली. घाणा चालविणाऱ्या एंजिनातून बाहेर पडणारी, एरवी टाकाऊ ठरणारी वाफ पहिल्या भांड्यातील नळ्यांतून फिरवायची. तिच्या उष्णतेने रस उकळून जी वाफ निघेल ती दुसऱ्या भांड्याच्या नळ्यांत न्यायची. दुसऱ्यात दाब कमी ठेवायचा, तिसऱ्यात त्याहूनही कमी, आणि शेवटची वाफ थंड पाण्याने निववून पंपाने दाब उतरता राखायचा. अशा रीतीने एकदा दिलेली उष्णता तीन वेळा उपयोगी पडते. उघड्या काहिलीत ७५ किलो पाणी उडविण्यास जेवढी उष्णता लागे, तेवढीत या तीन भांड्यांच्या मालिकेत जवळजवळ तिप्पट पाणी उडू लागले. रस आपोआप नळांतून पुढे जाई. पळ्यांनी उपसण्याचे काम उरलेच नाही.

कागदावर हे सारे जुळले, परंतु प्रत्यक्षात उतरण्यास दहा वर्षे लागली. एडमंड फोर्स्टल नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या साखर-कारखान्याचा मुख्य एंजिनियर म्हणून बोलाविल्यावरून रिल्यू मायदेशी परतला. पण फोर्स्टल आणि त्याचा पिता यांच्यात वितुष्ट आले. पित्याची बाजू सोडणे रिल्यूला रुचले नाही आणि त्याने ती नोकरी सोडून दिली. १८३४ मध्ये एका मळ्यावर केलेला यंत्राचा पहिला प्रयोग फसला. १८३७ साली अमेरिकेत मोठे आर्थिक अरिष्ट ओढवले, त्यात त्याची पुंजीही बुडाली. तरीही त्याने आराखडे बाजूला ठेवले नाहीत. अखेर १८४३ साली त्याला पहिले पेटंट मिळाले, आणि थिओडोर पॅकवुड या मळेवाल्याच्या मर्टल ग्रोव्ह येथील कारखान्यात त्याचे यंत्र उभे राहून यशस्वीपणे चालू लागले. १८४६ मध्ये सुधारलेल्या यंत्राचे दुसरे पेटंट त्याने घेतले. ज्यूडा बेंजामिन या प्रसिद्ध वकिलाने तेच यंत्र आपल्या मळ्यावर बसविले आणि एका मासिकात लेख लिहून त्याचा मोठा पुरस्कार केला. पुढे फिलाडेल्फिया येथील एक कारखानदार दिवसाकाठी ६,०००, १२,००० आणि १८,००० पौंड साखर तयार करणारी अशी तीन आकारांची यंत्रे मळेवाल्यांना देऊ लागला. कारखान्यातून स्वच्छ पांढरी साखर निघू लागली आणि लाकडांचे ढीग लहान झाले.

काहिलीजवळचे भाजणे या यंत्राने कमी केले, पण गुलामांची गुलामी कमी केली नाही. यंत्र विकत घेणारे सारे मळेवाले गुलामांचे मालकच होते, आणि साखरेत अधिक नफा दिसू लागल्यावर त्यांना ऊस तोडण्यासाठी माणसे हवीच होती. रिल्यूच्या स्वतःच्या वाट्यालाही अपमान चुकला नाही. लुइझियानात त्याच्याएवढा साखरेचा जाणता एंजिनियर दुसरा नव्हता, मळेवाले दुरून त्याचा सल्ला घेण्यास येत. परंतु त्यांच्या घरी पाहुणा म्हणून बरोबरीने राहण्याची त्याला मुभा नव्हती.

न्यू ऑर्लिन्सला पीतज्वराच्या साथी वारंवार येत. १८५३ च्या साथीत सुमारे आठ हजार माणसे दगावली. शहराभोवतीच्या दलदली आणि तुंबलेली गटारे यांचा निचरा करण्याची एक योजना रिल्यूने तयार केली होती. ती मान्य झाली नाही. तिला विरोध करणाऱ्यांत फोर्स्टलही होता. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे पुढे १९०० साली सिद्ध झाले, आणि डास साचलेल्या पाण्यातच वाढतात. १८५० नंतर स्वतंत्र कृष्णवर्णीयांवरील निर्बंधही अधिकाधिक कडक होत गेले. अखेर रिल्यूने जन्मभूमीचा निरोप घेतला आणि तो पॅरिसला जाऊन राहिला.

युरोपात बिटापासून साखर काढतात. तेथील काहींनी रिल्यूच्या यंत्राची नक्कल आधीच केली होती. पण त्यातील तत्त्व न समजल्यामुळे ती यंत्रे नीट चालेनात, आणि दोष मात्र मूळ कल्पनेवर आला. खिन्न होऊन रिल्यूने यंत्रांकडे पाठ फिरविली आणि अनेक वर्षे प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचा अभ्यास केला. १८८० साली लुइझियानातील एक मळेवाला पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्याला भेटला, तेव्हा हा वृद्ध एंजिनियर ती चित्रलिपी उलगडीत बसलेला होता. परंतु वाफेने त्याला पुन्हा ओढून घेतले. १८८१ मध्ये, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, बिटाचा रस तापविण्याच्या नव्या पद्धतीचे पेटंट त्याने घेतले.

दरम्यान चिपाडांचा प्रश्नही इतरांच्या प्रयत्नांनी सुटत चालला होता. ओले जळण साध्या चुलीत टाकले की जाळ विझतो, कारण चुलीची सारी उष्णता त्यातील पाणी उडविण्यातच खर्ची पडते. म्हणून जाड विटांच्या भिंती आणि वर विटांचीच कमान असलेल्या भट्ट्या बांधण्यात आल्या. एकदा तापून लाल झालेली कमान आपली धग खालच्या ढिगावर टाकीत राहते. ओली चिपाडे उतरत्या पायऱ्यांच्या जाळीवरून हळूहळू खाली सरकताना वाटेतच वाळतात आणि तळाशी येईपर्यंत पेट घेतात. या भट्टीतून मिळणारी वाफ उघड्या काहिलींना कधीच पुरली नसती. रिल्यूच्या भांड्यांना ती पुरली. अशा रीतीने ऊस आपल्याच चिपाडांवर आपला रस आटवू लागला, आणि साखरेसाठी रान तोडण्याची गरज उरली नाही. आज अनेक कारखाने चिपाडांपासून वीज निर्माण करून बाहेर विकतातही. १९५० साली लोणी येथे प्रवरा नदीच्या परिसरात सहकारी साखर कारखाना निघाला आणि त्यानंतर महाराष्ट्रात साखर कारखान्यांची रांग उभी राहिली. त्या कारखान्यांत रस आटविण्याच्या भांड्यांची जी मालिका दिसते, ती याच तत्त्वावर चालते. आटीव दूध, सरस आणि खाऱ्या पाण्यापासून गोडे पाणी तयार करतानाही हीच युक्ती योजतात.

८ ऑक्टोबर १८९४ रोजी पॅरिस येथे रिल्यूचे निधन झाले. तेथील पेर लाशेझ या दफनभूमीत त्याचे दफन करण्यात आले. पुढे चाळीस वर्षांनी, १९३४ साली, निरनिराळ्या देशांतील साखर-व्यवसायिकांनी वर्गणी काढून त्याच्या नावाचा एक स्मृतिफलक लुइझियानाच्या राज्य संग्रहालयात बसविला. हे संग्रहालय न्यू ऑर्लिन्समध्ये, त्याच्या जन्मगावीच आहे.