कै. केशवदेव मालवीय आणि भारताचे तेल

अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॅलस शहराला लागून अर्विंग हे शहर आहे. एक्सॉन ही तेल कंपनी १९९० च्या सुमारास न्यूयॉर्क सोडून तेथे गेली. १९९९ साली मोबिल तिच्यात मिळाली आणि २०२३ सालापर्यंत दोन्हींचा कारभार तेथूनच चालला. या दोघींच्या पूर्वीच्या कंपन्यांनी भागीदारीत स्टॅनव्हॅक ही कंपनी काढली होती. तिचा तेलशुद्धीकरण कारखाना १९५४ साली मुंबईजवळ तुर्भे येथे सुरू झाला. या बलाढ्य कंपन्यांपुढे ताठ उभे राहिले ते कै. केशवदेव मालवीय.

त्यांचा जन्म १९०४ सालचा. कानपूरला त्यांनी तेलाचे तंत्र शिकून घेतले आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगही भोगला. पुढे ते नेहरूंच्या सरकारात मंत्री झाले. त्या वेळी बंगालमध्ये स्टॅनव्हॅक तेल शोधत होती. त्यात भारत सरकारचा चौथा हिस्सा होता, पण तेल लागले नाही. मालवीयांना नुसता हिस्सा पुरेसा वाटत नव्हता. विद्या परक्याच्याच हाती राहिली तर हिशेब तपासणार कोण? म्हणून १९५६ साली डेहराडूनला तेल आयोग स्थापन झाला. रशिया व रुमानियातून तज्ज्ञ आणले, आणि त्यांच्या हाताखाली भारतीय मुले तयार केली. तेल नाहीच असे म्हणणारे पुष्कळ होते. १९५८ साली खंबायतला व १९६० साली अंकलेश्वरला तेल लागले!

१९६० साली रशियाचे स्वस्त कच्चे तेल शुद्ध करण्यास परदेशी कंपन्यांनी नकार दिला. कारखाने त्यांचे, मर्जीही त्यांचीच. आम्हांला वाटते, देशाला खरा धडा येथेच मिळाला.

एका खाणमालकाकडून निवडणुकीसाठी पैसे घेतल्याच्या आरोपावरून १९६३ साली मालवीयांना मंत्रिपद सोडावे लागले. हा डाग झाकण्यात अर्थ नाही. पुढे ते परत आले. १९७६ साली मुंबईच्या समुद्रातून, बॉम्बे हायमधून, तेल येऊ लागले तेव्हा पेट्रोलियम मंत्री तेच होते. तुर्भ्याचा तो कारखानाही, मधल्या काळात एस्सोच्या नावाने चाललेला, १९७४ साली हिंदुस्तान पेट्रोलियमकडे आला. मालवीय १९८१ साली वारले. डेहराडूनच्या तेलसंशोधन संस्थेला त्यांचे नाव आहे.

आपल्यासारखेच गिरमिटियांचे वंशज जेथे राहतात त्या गयानात २०१५ साली समुद्रात तेल सापडले. शोधणारी कंपनी अर्विंगचीच होती. चाळीस प्रकारच्या कामांत गयानी माणसांचा वाटा ठरवून देणारा कायदा तेथे झाला तो २०२१ च्या अखेरीस, तेल वाहू लागून दोन वर्षे झाल्यावर.