हेन्रिएटा : नाव हरवलेली उपकारकर्ती

मैत्रिणींनो, पोलिओच्या लशीबद्दल आपल्यापैकी कुणी ऐकलं नसेल असं नाही. पण 1950च्या दशकात ही लस नीट काम करते की नाही हे तपासताना एका गरीब कृष्णवर्णीय बाईच्या शरीरातल्या पेशी कामी आल्या, हे फार थोड्या जणींना माहीत असतं. त्या बाईचं नाव हेन्रिएटा लॅक्स.

हेन्रिएटाचा जन्म 1 ऑगस्ट 1920चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातला. ती चार वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली. पोरकी भावंडं नातेवाइकांत वाटली गेली आणि हेन्रिएटा क्लोव्हर गावी आजोबांकडे आली. त्यांचं लाकडी घर म्हणजे एके काळी गुलामांना राहायला दिलेली जागा! तंबाखूच्या शेतात राबतच ती मोठी झाली. चौदाव्या वर्षी पहिलं मूल झालं. त्याच घरात वाढलेल्या डेव्हिड या नात्यातल्या भावाशी 1941 मध्ये तिचं लग्न झालं. पुढे नवऱ्याला पोलादाच्या कारखान्यात काम मिळालं आणि हा संसार बाल्टिमोर शहराजवळ आला. एकूण पाच मुलं. स्वयंपाक, मुलांचं दुखणं-खुपणं, आल्या-गेल्याचं जेवणखाण... आपल्यासारखंच तिचं आयुष्य.

ओटीपोटात गाठीसारखं काही तरी आहे, असं तिला जाणवत होतं. जवळच्या बहिणींच्या कानावर तिनं ते घातलंही. पण मधे पाचवं बाळंतपण आलं आणि दुखणं अंगावर काढलं गेलं. शेवटी रक्तस्राव सुरू झाला तेव्हा 29 जानेवारी 1951 रोजी ती जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. कृष्णवर्णीयांसाठी तिथे वेगळे वॉर्ड होते. तपासणीत निदान झालं गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचं.

रेडियमचे उपचार करताना डॉक्टरांनी तिच्या गाठीचा लहानसा तुकडा काढून घेतला. तिला विचारलं नाही, सांगितलंही नाही. त्या काळी तशी पद्धतच नव्हती. तो तुकडा डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेला. तोवर माणसाच्या पेशी शरीराबाहेर फार दिवस जगत नसत. हिच्या पेशी मात्र रोजच्या रोज दुप्पट होत राहिल्या! नाव आणि आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरं घेऊन त्यांना ‘हेला’ नाव मिळालं. आणि हेन्रिएटा? 4 ऑक्टोबर 1951 रोजी, अवघ्या 31व्या वर्षी ती गेली. धाकटं बाळ तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. गावी तिचं दफन झालं, पण कबरीवर साधा दगडसुद्धा नव्हता. तो बसला 2010 मध्ये!

तिच्या पेशी जगभर पोचल्या. पण त्या इतक्या जोमदार की, दुसऱ्या पेशींच्या बाटल्यांतही शिरल्या. 1966 मध्ये स्टॅनली गार्टलर या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की, वेगवेगळ्या माणसांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक पेशींत एकच आनुवंशिक खूण आहे आणि ती खूण जवळजवळ केवळ आफ्रिकी वंशाच्या लोकांतच सापडते. म्हणजे त्या सगळ्या हेन्रिएटाच्याच! ही सरमिसळ ओळखायला तिच्या मुलांचं रक्त हवं होतं. 1973च्या सुमारास घरच्यांना या पेशींबद्दल कळलं ते असं. आपल्याला कॅन्सर आहे का हे बघायला रक्त नेतात, अशीच त्यांची समजूत झाली. नीट समजावून सांगायला कुणालाच वेळ नव्हता.

आता विज्ञानाचा भाग, पण सोपा आहे. कॅन्सर होतो तेव्हा पेशीतल्या जनुकांत बिघाड होतात. हे बिघाड वाटेल तसे नसतात. तंबाखूच्या धुरानं होणारे वेगळे, उन्हानं होणारे वेगळे. ज्वारीच्या कोठीला भोक कुठून पडलं यावरून उंदीर कुठून आला ते कळतं ना, तसंच हे. गाठ पसरलेली असते, पण मूळ कुठलं ते सापडत नाही, अशा वेळी या खुणांची डॉक्टरांना मदत होऊ शकते.

हेन्रिएटाच्या पेशींतही अशी खूण होती. जर्मनीतले शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाला 1984 मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही-18 हा विषाणू सापडला आणि हेला पेशींतही तोच निघाला. या संशोधनाबद्दल त्यांना 2008 मध्ये नोबेल मिळालं. 2013 मध्ये तर नेमकी जागाही कळली. विषाणूचा तुकडा आठव्या गुणसूत्रात, पेशींची वाढ चालवणाऱ्या एका जनुकाजवळ घुसून बसला होता आणि त्यानं ते जनुक सतत चालू ठेवलं होतं. तिच्या दुखण्याचं मूळ असं 62 वर्षांनी उलगडलं.

त्याच वर्षी तिच्या पेशींचा जनुकीय आराखडाही घरच्यांना न विचारता जाहीर झाला होता. या वेळी मात्र कुटुंब गप्प बसलं नाही. ती माहिती कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत त्यांच्या माणसांना जागा मिळाली. 2023 मध्ये या पेशींवर नफा कमावणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं त्यांच्याशी तडजोडही केली.

मैत्रिणींनो, हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक जणींच्या शरीरातून आपोआप निघून जातो. त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नसतो. काहींच्या शरीरात मात्र तो वर्षानुवर्षं टिकतो आणि मग धोका असतो. आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात खेड्यांतल्या 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. 2009 मध्ये निष्कर्ष आला : ज्या गटाला या विषाणूची एकदाच तपासणी आणि गरजेप्रमाणे उपचार मिळाले, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. शिवाय आता लसही आहे. पुण्यात तयार झालेली लस जानेवारी 2023 मध्ये आली. नऊ ते चौदा या वयात दिली तर तिचा उपयोग सर्वांत जास्त.

बचत गटाच्या बैठकीत मी बघते, अंगावरून जाण्याबद्दल बोलायचं तर बायका पदर तोंडाला लावतात. घरातल्या सगळ्यांचं झालं की मग आपलं, असं म्हणत वर्षं निघून जातात. पाळी गेल्यावर रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, घाण वासाचं पाणी जात असलं, तर लाजू नका, डॉक्टरांकडे जा. काही त्रास नसला तरी तिशीनंतर तपासणी करून घ्या. हेन्रिएटाच्या वेळी ना लस होती, ना विषाणूची तपासणी. आपल्याकडे दोन्ही आहे. या आठवड्यात आपली तारीख घ्या, आणि जाताना शेजारणीलाही सोबत न्या.