एमिल बोदो व न उमटणारी खूण

कर्जतहून बोरघाट चढून खंडाळ्याकडे जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावर ठाकूरवाडी हें एक लहानसें ठिकाण आहे. १८६३ सालीं खुला झालेला हा लोहमार्ग कांहीं जागीं इतका उभा आहे कीं, ३७ फूट पुढें जावें तों एक फूट चढ होतो. घाट उतरणारी गाडी येथें थांबविण्याचा नियम आहे. गाडी थांबेपर्यंत रुळांचा सांधा बाजूच्या एका चढत्या फांट्याकडे लावलेला असतो. ब्रेक निकामी होऊन गाडी निसटलीच, तर ती त्या चढावर अडावी, हा त्यांतील हेतु. गाडी नीट थांबली म्हणजे सांधा बदलतो व तिला कर्जतचा रस्ता मोकळा होतो. सांधा स्वतः एकहि उतारू वाहून नेत नाहीं. परंतु मागून येणारें प्रत्येक चाक कोणत्या वाटेनें जाईल, हें तोच ठरवितो.

तारायंत्रांच्या व संगणकांच्या भाषेंतहि असे सांधे असतात. कागदावर किंवा पडद्यावर स्वतः न उमटणारी, पण आपल्यामागून येणाऱ्या अक्षरांचा अर्थ पालटून टाकणारी खूण, हाच तो सांधा होय. अशा खुणेचा ज्यांनीं मोठ्या कौशल्यानें उपयोग करून घेतला, त्या एमिल बोदो या फ्रेंच संशोधकाचें चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बोदो यांचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ रोजीं फ्रान्सच्या ओत-मार्न प्रांतांतील एका खेड्यांत, शेतकऱ्याच्या घरीं झाला. त्यांचें शाळेंतील शिक्षण गांवच्या प्राथमिक शाळेपुरतेंच झालें आणि पुढें ते वडिलांच्या शेतींत राबूं लागले. १८६९ सालीं ते फ्रान्सच्या तारखात्यांत उमेदवार म्हणून दाखल झाले. तेथें मोर्सचें कड-कट्ट वाजणारें यंत्र व ह्यूजचें अक्षरें छापणारें यंत्र, हीं दोन्ही चालविण्यास ते शिकले. महाविद्यालयाचें तोंड न पाहिलेल्या या तरुणाला यंत्रापुढील बैठक हीच पाठशाळा झाली.

काम करतांना त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली. माणसाचा हात संथ चालतो आणि वीज अतिशय वेगानें धांवते. म्हणून दोन खुणांच्या मध्यें तार बराच वेळ रिकामी पडून राहते. तो रिकामा वेळ दुसऱ्या माणसांना वांटून दिला तर? मेयर नांवाच्या गृहस्थांनीं या दिशेनें अगोदर प्रयत्न केला होता. ती वांटणी आणि ह्यूजची छपाई एकत्र आणावयाची, असा बोदो यांनीं निश्चय केला. खात्याची नोकरी सांभाळून, फावल्या वेळांत त्यांनीं हें काम चालविलें व १८७४ सालीं पहिलें पेटंट मिळविलें.

त्यांच्या यंत्रांत प्रत्येक अक्षरासाठीं पांच खुणा ठरलेल्या होत्या. प्रत्येक खूण दोहोंपैकीं एका प्रकारची असे. त्यामुळें पांच खुणांच्या जुळण्या ३२ होतात. तार चालविणाऱ्यापुढें पांच पट्ट्या असत. तीन उजव्या हाताला व दोन डाव्या हाताला. यंत्र ठराविक तालावर टिक् असा आवाज करी आणि त्या क्षणीं योग्य पट्ट्या दाबलेल्या असाव्या लागत. चार किंवा त्याहूनहि अधिक माणसें आळीपाळीनें एकाच तारेवर असें काम करूं शकत.

आतां अडचण पहा. रोमन अक्षरें २६, अंक १०, शिवाय विरामचिन्हें. आणि जुळण्या मात्र ३२ च! येथें तो सांधा उपयोगीं पडला. ह्यूजच्या यंत्रांत अशी सोय होतीच. बोदो यांनीं ती आपल्या पांच खुणांच्या संकेतांत बसविली. दोन जुळण्या त्यांनीं बाजूला राखून ठेवल्या. एक आली कीं पुढील सारें अक्षरें म्हणून वाचावयाचें. दुसरी आली कीं तेंच सारें अंक व चिन्हें म्हणून वाचावयाचें. या दोन खुणांचें कागदावर कांहीच उमटत नसे. परंतु त्यांपैकीं एक जरी वाटेंत हरवली, तरी चांगल्या वाक्याच्या जागीं निरर्थक अंकांची रांग छापली जाई.

१८७७ सालीं पॅरिस व बोर्दो या शहरांमध्यें हें यंत्र सुरू झालें आणि १८७८ च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत त्याला सुवर्णपदक मिळालें. मात्र यशाबरोबर कटकटीहि आल्या. तारखात्यांतीलच मिमो नांवाच्या सहकाऱ्यानें ही कल्पना मूळची आपली असल्याचा दावा केला व तो वाद न्यायालयापर्यंत गेला. २८ मार्च १९०३ रोजीं, वयाच्या ५७ व्या वर्षीं बोदो निवर्तले. त्यांच्या पश्चात् तारेवरील खुणांचा वेग मोजण्याच्या एककाला त्यांच्या नांवावरून ‘बॉड’ हें नांव मिळालें. दर सेकंदाला किती खुणा जातात, हें तें एकक सांगतें. किती अक्षरें जातात, हें नव्हे.

न उमटणाऱ्या खुणांचें कुळ पुढें वाढतच गेलें. १९०१ च्या सुमारास न्यूझीलंडमध्यें जन्मलेले डोनल्ड मरे यांनीं संकेताची नवी मांडणी केली आणि तींत ओळीच्या आरंभीं परत जाण्याची व कागद एक ओळ पुढें सरकविण्याची आज्ञा घातली. टेलेक्सच्या काळांत तर ‘तूं कोण?’ असें विचारणारी एक खूण होती. ती पोहोंचतांच पलीकडचें यंत्र, जवळ माणूस नसला तरी, आपलें नांव आपोआप पाठवून देई. १९६३ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या सात खुणांच्या संकेतांत १२८ चिन्हांपुरती जागा झाली. त्यांत ‘एस्केप’ ही खूण होती व पुढील आवृत्तींत ती शून्यापासून मोजतां २७ व्या जागीं बसली. बॉब बेमर या संगणकतज्ज्ञांनीं तिचा पुरस्कार केला होता. या खुणेमागून येणारीं अक्षरें छापावयाचीं नसतात. तीं आज्ञा म्हणून पाळावयाचीं असतात. १९७८ सालच्या व्ही-टी १०० या टर्मिनलला एस्केपमागून हॅशचें चिन्ह व ८ हा अंक पाठविला कीं सारा पडदा इंग्रजी ई या अक्षरानें भरून जातो. पडदा सरळ बसवितांना कारागिराला सोयीची पडावी, म्हणून ती आज्ञा होती.

अशा साऱ्याच आज्ञा यंत्राबरोबरच्या पुस्तकांत छापलेल्या नसत. कांहीं कारखान्यांतील तपासणीपुरत्या असत, कांहीं दुसऱ्या नमुन्यासाठीं लिहिलेल्या आज्ञावलींतून तशाच राहून जात. म्हणून जुन्या यंत्रांचे अभ्यासक एस्केपमागून एकेक चिन्ह क्रमानें पाठवितात आणि काय घडतें तें पाहतात. किंवा यंत्राच्या कायम स्मृतींतील आज्ञावलीच उलगडून वाचतात. या कामांत सावधगिरी हवी, कारण एखादी अनोळखी आज्ञा यंत्रांतील जपलेल्या नोंदी पुसूनहि टाकूं शकते.

विद्यार्थिमित्रहो, अनेकजण त्याच यंत्रांपुढें बसत होते, पण रिकाम्या जाणाऱ्या क्षणांकडे बोदो यांनीं लक्ष दिलें. तसें लक्ष देण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाहीं. मात्र पाहिलेलें लिहून ठेवण्याची संवय लागते. कोणतें यंत्र, कोणती खूण पाठविली, काय घडलें आणि कोणत्या दिवशीं, एवढ्या चार गोष्टी वहींत उतरल्या, तर एकाचा शोध दुसऱ्याच्या उपयोगीं पडतो व कोणाचें श्रेय कोणाला, यावरून तंटा होत नाहीं. पुस्तकांत नसलेली गोष्ट ज्याला सांपडेल, त्यानें ती पुस्तकांत घालावी. ज्ञानाचें हें ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाहीं.